सिरपूरचे विहार : महानदीकाठची निवासी विद्यालयं

भिलाई शहराच्या मधोमध जाणारा जी. ई. रोड म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग 53. पश्चिमेला तो दुर्ग, राजनांदगाव करत नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे गाठतो. पूर्वेला रायपूर, आरंग मागे टाकून ओडिशात उतरतो. आरंगच्या पुढे महानदीवरचा पूल लागतो आणि थोड्या अंतरावर डाव्या हाताला सिरपूरचा फाटा फुटतो. भिलाईपासून हे अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. नागपूरहून किंवा अमरावतीहून निघालेल्या माणसालाही हाच रस्ता थेट तिथे आणून सोडतो. तरी मराठी पर्यटकांच्या तोंडी अजिंठा असतो, सांची असते, नालंदा असते. सिरपूर क्वचितच येतं.

सातव्या शतकात हे श्रीपूर होतं, दक्षिण कोसलची राजधानी. महानदीच्या उजव्या काठावर वसलेल्या या नगरात राजवाडा होता, बाजारपेठ होती, विष्णूची आणि शिवाची देवळं होती, जैनांची स्थानं होती. आणि होते विटांनी बांधलेले बौद्ध विहार, जिथे भिक्षू राहत, जेवत, ध्यान करत, शिकत आणि शिकवत. आजच्या भाषेत सांगायचं तर ती निवासी महाविद्यालयं होती.

त्यांचा शोध लागण्याची कथा मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. 1953 ते 1956 या काळात सिरपूरला पहिलं पद्धतशीर उत्खनन झालं ते डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या देखरेखीखाली. दीक्षित पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेतले, ह. धी. सांकलियांच्या तालमीत घडलेले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचं उत्खनन त्यांनी सांकलियांबरोबर केलं होतं आणि पश्चिम भारतातल्या बौद्ध वसाहती हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे ते सागर विद्यापीठात गेले. सिरपूरची पहिली मोहीम त्या विद्यापीठाची, नंतरची मध्य प्रदेश सरकारची. त्या वेळच्या मध्य प्रदेशची राजधानी होती नागपूर. विदर्भ आणि छत्तीसगड एकाच राज्यात होते, आणि मराठी व हिंदी या दोन्ही राज्याच्या भाषा होत्या.

त्या तीन वर्षांत या पट्ट्यात काय काय घडलं ते एकत्र पाहण्यासारखं आहे. फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाई पोलाद कारखान्याचं नक्की झालं. सिरपूरला टेकाडांखालून विहार वर येत होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि विदर्भ छत्तीसगडपासून वेगळा झाला. भिलाईचा कारखाना उभा राहिला तेव्हा तिथे कामाला आलेल्यांत विदर्भातली मराठी कुटुंबं होती, त्यांत दीक्षा घेतलेलीही होती. त्यांच्या नव्या घरापासून काही तासांच्या अंतरावर तेराशे वर्षांपूर्वीची बुद्धमूर्ती नुकतीच उजेडात आली होती.

दीक्षितांना सापडलेल्या दोन विहारांपैकी मोठा आनंदप्रभू कुटी विहार. हे नाव नंतरच्या कुणी ठेवलेलं नाही, ते तिथेच मिळालेल्या चौदा ओळींच्या संस्कृत शिलालेखातलं आहे. महाशिवगुप्त बालार्जुन राजाच्या काळात आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने हा विहार बांधवला आणि भिक्षूंच्या अन्नाची सोय लावून दिली, असं त्या लेखातून कळतं. वास्तू विटांची, खांब आणि चौकटी दगडाच्या. आराखडा समजून घ्यायला मराठी माणसाला फारसे कष्ट पडू नयेत, कारण तो चौसोपी वाड्यासारखाच आहे : मध्ये मोकळा चौक, चारी बाजूंनी ओसरी, ओसरीमागे ओळीने खोल्या. खोल्या 14. फरक इतकाच की वाड्यात जिथे देवघर कोपऱ्यात असतं तिथे विहारात प्रवेशद्वारासमोर, चौकाच्या पलीकडे, गाभारा आहे आणि त्यात भूमिस्पर्श मुद्रेतला भव्य बुद्ध. उजवा हात जमिनीकडे नेऊन पृथ्वीला साक्षी ठेवणारा. सोबत पद्मपाणी बोधिसत्त्व, आणि जवळच मकरवाहिनी गंगा.

शेजारच्या दुसऱ्या विहाराचा आराखडा स्वस्तिकासारखा, म्हणून त्याला स्वस्तिक विहार म्हणतात. त्याहून नंतर, 2000 नंतरच्या दशकात डॉ. अरुणकुमार शर्मा यांच्या उत्खननात तीवरदेव महाविहार उघडा झाला. त्याच्या मधल्या मंडपाला 16 खांब आहेत. पण तिथे पाय थबकतात ते दरवाज्याच्या चौकटीपाशी. माकड आणि मगर यांची पंचतंत्रातली गोष्ट तिथे दगडात कोरलेली आहे, एडक्यांची झुंज आहे, हत्ती आहेत, प्रेमात रमलेली जोडपी आहेत. भिक्षूंच्या निवासाच्या दारात हे सगळं कसं, असा प्रश्न पडणाऱ्यांनी अजिंठ्याच्या भिंती आठवाव्यात. बौद्ध विहार जगाकडे पाठ फिरवून उभे नव्हते. गोष्टीतून शिकवणं ही तर त्यांची जुनी रीत.

इथे काय शिकवत असतील? चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात कोसल देशात आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की इथे सुमारे शंभर संघाराम आणि दहा हजारांहून थोडे कमी भिक्षू आहेत, सगळे महायान पंथाचे, आणि राजा बुद्धाच्या धर्माचा आदर करणारा आहे. ही संख्या साऱ्या देशाची आहे, एकट्या राजधानीची नाही. ती राजधानी नेमकी कोणती यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. चांदा, भांदक, वैरागड अशी विदर्भातलीच नावं इंग्रज अभ्यासकांनी सुचवली. सिरपूरचे विहार जमिनीतून वर आल्यावर पारडं बरंचसं इकडे झुकलं. त्या काळच्या मोठ्या विहारांत पाच विद्या शिकवत : व्याकरण, शिल्प व कारागिरी, वैद्यक, तर्कशास्त्र आणि अध्यात्म. म्हणजे नुसतं धर्मग्रंथांचं पाठांतर नव्हे. वाद घालता येणं, आपलं मत पुराव्यानिशी मांडता येणं, हे शिक्षणाचा कणा होतं.

प्रवेशपरीक्षा कशी असे याची एक सुंदर आख्यायिका ह्युएन त्संगने याच कोसल देशाच्या वर्णनात दिली आहे. आचार्य नागार्जुन इथल्या एका संघारामात राहत होते. सिंहल देशाहून आर्यदेव त्यांच्याशी वाद करायला आला. नागार्जुनांनी त्याला आत बोलावण्याआधी पाण्याने काठोकाठ भरलेलं भिक्षापात्र बाहेर पाठवलं. आर्यदेवाने एक शब्दही न बोलता त्यात सुई टाकली. पात्र परत आल्यावर नागार्जुन आनंदले : पाणी म्हणजे सर्वत्र पोचलेलं ज्ञान, आणि हा तरुण सुईसारखा थेट तळापर्यंत जाऊ पाहतो. आर्यदेव त्यांचा शिष्य झाला. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी, पण शिकण्याची भूक कशी पारखायची याचं इतकं नेमकं चित्र आजच्या कुठल्या प्रवेशपरीक्षेत सापडेल?

आता पैशाचं बघू. पोटाची व्यवस्था नसेल तर विद्या टिकत नाही, आणि दक्षिण कोसलच्या लेखांत ही व्यवस्था मोठ्या तपशिलाने दिसते. बालार्जुनाचा एक ताम्रपट बिलासपूर भागातल्या मल्हार इथे मिळाला. तो वाचून प्रसिद्ध करणाऱ्यांत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी होते, त्यांच्या जोडीला लोचनप्रसाद पांडेय. राजाने आपले मामा भास्करवर्मन यांच्या विनंतीवरून कैलासपूर हे गाव तरडंशक इथल्या छोट्या विहाराला, चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षुसंघासाठी, दान दिलं, असं त्यात आहे. तो विहार बांधवला होता अलका नावाच्या स्त्रीने. गाव दान दिलं म्हणजे गावाचा महसूल विहाराकडे वळवला. आज एखाद्या संस्थेसाठी कायमचा निधी ठेवतात आणि त्याच्या उत्पन्नावर वसतिगृह चालतं, तसंच हे. आणि दाता राजा कोण? स्वतः शिवभक्त. त्याचे पूर्वज तीवरदेव वैष्णव. त्याची आई वासटा हिने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ विष्णूचं जे मंदिर बांधवलं तेच सिरपूरचं प्रसिद्ध लक्ष्मण मंदिर, विटांच्या कामाचा भारतातला एक अप्रतिम नमुना. एकाच घरात वैष्णव आई, शैव मुलगा आणि बौद्धांना गावाचं दान.

शैवांच्या मठांनाही असाच आधार मिळाला. सिरपूरजवळच्या सेनकपाट गावी मिळालेला शिलालेख तर विद्येच्या इतिहासात सोन्याने मढवावा असा आहे. दुर्गरक्षित नावाच्या अधिकाऱ्याने शिवमंदिर बांधून ते सदाशिवाचार्य या तपस्व्याच्या स्वाधीन केलं आणि जमिनी दिल्या. सोबत अटी घातल्या : तपस्व्यांनी यज्ञ आणि दीक्षा यांची व्यवस्था ठेवावी, शैव सिद्धांत समजावून सांगावेत, अन्नछत्र चालवावं, आणि व्याजाने पैसे देण्याच्या धंद्यात पडू नये. या शेवटच्या अटीसाठी त्या दुर्गरक्षिताला दाद द्यावी लागते. संस्थेकडे पैसा आला की ती सावकारी करू लागते आणि शिकवणं मागे पडतं, हे त्याने बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं आणि दगडावर कोरून ठेवलं होतं.

हीच धारा पुढे महाराष्ट्रातही दिसते. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे 1207 च्या सुमाराचा शिलालेख आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या देणग्या त्यात नोंदल्या आहेत. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे, आणि घाण्यामागे तेल, सुपाऱ्या अशा बाजारातून येणाऱ्या वाट्यांचा त्यात उल्लेख आहे. गणित शिकवणाऱ्या मठाच्या दिव्यात तेली तेल घालत होता.

सिरपूरची दुनिया मात्र मोठी होती. दीक्षितांच्या उत्खननात तांग काळातलं एक चिनी नाणं मिळालं. 1939 मध्ये इथे ब्राँझच्या बौद्ध मूर्तींचा साठा सापडला होता. त्या ओतकामाची सफाई पाहून आजही तज्ज्ञ थक्क होतात. सिरपूरची तारा या बौद्ध देवीची एक मूर्ती आज अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. बऱ्याच मूर्ती सुदैवाने रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात राहिल्या. हे संग्रहालय 1875 चं, राजनांदगाव संस्थानच्या महंतांच्या देणगीतून उभं राहिलेलं.

मग हे सगळं थांबलं कसं? बालार्जुनाच्या राजवंशाची सत्ता पूर्वेकडे ओडिशात सरकली, राजाश्रय आटला, पुढे कलचुरींनी राजधानी दुसरीकडे नेली. सुरंग टीला या उंच मंदिराच्या पायऱ्या आज लाटेसारख्या वाकड्या झालेल्या दिसतात. शर्मांनी त्याचं कारण भूकंप असं सांगितलं. विहारांच्या विटा, खांब, मूर्ती विखुरल्या. नदीकाठच्या गंधेश्वर मंदिरात असे अनेक जुने खांब आणि शिल्पं बसवलेली दिसतात. त्या मंदिराचा जीर्णोद्धार नागपूरकर भोसल्यांच्या काळात चिमणाजी भोसल्यांनी केला, असं तिथे सांगतात. सिरपूरमध्ये अखंड पूजा चालू आहे ती याच मंदिरात.

आज विहारांचा उपयोग काय होतो? एक म्हणजे पर्यटन. दुसरा उत्सव : माघ पौर्णिमेच्या जत्रेच्या सुमाराला सिरपूर महोत्सव भरतो आणि शास्त्रीय नृत्य-संगीताचे कार्यक्रम होतात. तिसरा तीर्थयात्रा. दलाई लामा इथे येऊन गेले आहेत. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव आणि विदर्भातली बौद्ध कुटुंबं येतात, बुद्धमूर्तीसमोर हात जोडून त्रिशरण म्हणतात. या तिसऱ्या वापरात विहाराच्या मूळ जगण्याचा एक धागा खराखुरा जिवंत आहे, आणि त्याला मान मिळाला पाहिजे.

मात्र चौथा उपयोग, जो मुळात पहिला होता, तो जवळपास दिसत नाही. शिकणं. मुलांच्या सहली येतात, लक्ष्मण मंदिरासमोर फोटो निघतात, डबे उघडतात आणि बस परत निघते. चौदा खोल्यांच्या ओसरीवर बसवून कुणी त्यांना सांगत नाही की इथे तुमच्याहून थोडी मोठी मुलं शिकत होती, त्यांच्या जेवणाची सोय विहार बांधवणाऱ्या भिक्षूनेच लावून दिली होती. त्याऐवजी ऐकू येतो तो एकच दावा : सिरपूर नालंदेपेक्षा मोठं होतं. दहा हजार विद्यार्थ्यांचा आकडाही फलकांवर आणि भाषणांत फिरत असतो, जो ह्युएन त्संगने सगळ्या देशातल्या भिक्षूंसाठी दिला होता. या चढाओढीने सिरपूरचं काही भलं होत नाही. नालंदेचं मोठेपण मैदानाच्या मापात नाही. तिथे शिकून गेलेल्या ह्युएन त्संग आणि इत्सिंग यांनी तिथला अभ्यास, शिस्त, वाद, आचार्यांची नावं लिहून ठेवली, त्यात ते आहे. सिरपूरचं मोठेपण वेगळं आहे. ते दानपत्रांच्या तपशिलात, तीवरदेवाच्या दारावरच्या माकड-मगरीत आणि तीन पंथांच्या शेजारात आहे.

जुन्या विद्यास्थानांचा आज विद्येसाठी वापर करणं अशक्य नाही. ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात पंधराव्या शतकातल्या बेनेडिक्टाइन भिक्षूंच्या बैठ्या घरांत आजही विद्यार्थी राहतात. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात सिस्टर्शियन भिक्षूंसाठी बांधलेलं कॉलेज दे बर्नार्दँ फ्रेंच राज्यक्रांतीत सरकारजमा झालं आणि पुढे कित्येक वर्षं अग्निशमन दलाच्या ताब्यात होतं. 2001 मध्ये तिथल्या धर्मप्रांताने ते विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि 2008 पासून तिथे पुन्हा व्याख्यानं, अभ्यासवर्ग, प्रदर्शनं भरतात. बिहारमध्ये जुन्या नालंदेच्या अवशेषांना हात न लावता राजगीरला नवं नालंदा विद्यापीठ उभं राहिलं. 2024 मध्ये त्याच्या नव्या परिसराचं उद्घाटन झालं. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? भिलाईपासून जवळच खैरागडच्या राजवाड्यात 1956 पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय चालतं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत कुलगुरू होते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. राजाच्या महालात सतार आणि तंबोरे वाजू लागले आणि तो महाल वाचला.

सिरपूरच्या विहारांना छत नाही, भिंती कमरेएवढ्या-छातीएवढ्या उरल्या आहेत. तिथे कुणी राहावं असं कुणी म्हणणार नाही, आणि संरक्षित वास्तूत ते होऊही नये. पण ओसरीवर वर्ग भरायला छत लागत नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या आयआयटी भिलाईचा परिसर आता कुटेलाभाठा इथे उभा आहे, तोही निवासी. तिथल्या धातुविद्या, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सिरपूरच्या विटा, चुना, ब्राँझचं ओतकाम, भूकंपाने वाकलेल्या पायऱ्या हे सगळं अभ्यासाचं साहित्य आहे. खैरागडच्या आणि रायपूरच्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना तर हे आयतं क्षेत्र आहे. विटांच्या भिंतीवर पावसाळ्यात शेवाळ चढतं, झाडांची मुळं शिरतात. त्यांची निगा राखायला माणसं हवीत आणि ती तयार करण्याची जागाही हीच आहे. दीक्षित, मिराशी आणि नागपूर विद्यापीठात ज्यांनी दक्षिण कोसलच्या लेखांचं साक्षेपी संपादन केलं ते अजयमित्र शास्त्री, यांचं काम इंग्रजी ग्रंथांत आणि जुन्या नियतकालिकांत पडून आहे. सेनकपाटच्या लेखाचं सोपं भाषांतर मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत एका फलकावर लावायला असा कितीसा खर्च येईल?

सरकारने सिरपूरसाठी विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलेलं आहे. त्याच्या यादीत रस्ते, दिवे, विश्रामगृह असणारच, आणि ते हवेतही. त्या यादीत एक अभ्यासगृह यायला हवं, जिथे शिक्षक मुलांना दोन दिवस ठेवून शिकवू शकेल.

ते होईपर्यंत वाचकांनी आपल्यापुरतं एक करावं. सिरपूरला जाताना आधी रायपूरला उतरून महंत घासीदास संग्रहालयातले सिरपूरचे ब्राँझ आणि शिलालेख पाहावेत, मगच पुढे निघावं. पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. लक्ष्मण मंदिर सगळेच पाहतात. आनंदप्रभू, स्वस्तिक आणि तीवरदेव हे तिन्ही विहार पायी फिरून पाहावेत, आणि बरोबर शाळेत जाणारं मूल जरूर न्यावं.